मालगुंडचं घर आणि उंबऱ्याबाहेरचा कवी

मंडळी, गणपतीपुळ्याला तुमच्यापैकी बहुतेक जण जाऊन आला असाल. देवळापासून मालगुंड अगदी जवळ आहे, आणि तरी ‘केशवसुतांचं घर पाहिलंत का?’ असं विचारलं की सभागृहात दोन-चार हातच वर होतात. आजही तसंच झालं. म्हणून आज मी त्या घराबद्दलच बोलणार आहे.

कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, 1866 साली मालगुंडला जन्मले. वडील शाळामास्तर होते. त्या जन्मघराचं स्मारक कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभं केलं. लेखक मधु मंगेश कर्णिकांनी त्यासाठी जिवाचं रान केलं आणि 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते ते खुलं झालं. घर साधंच आहे: कौलारू छप्पर, सारवलेली जमीन, रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू. आवारात त्यांच्या कविता कोरून लावल्या आहेत, आणि शेजारच्या दालनात त्यांच्या मागून आलेले मराठी कवी भेटतात.

मी मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. आठवीतल्या एका मुलीनं मला ओटीवरच अडवलं. म्हणाली, “सर, ‘जुने जाऊ द्या मरणालागुनि, जाळुनि किंवा पुरुनि टाका’ असं ज्यांनी लिहिलं, त्यांचंच जुनं घर आपण का जपून ठेवलंय?”

मला तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. पण तो प्रश्न डोक्यात ठेवून मी घरात पुन्हा हिंडलो. कोकणातल्या जुन्या घराची रचना आठवा. अंगण, ओटी, माजघर, देवघर. त्या काळी ह्यातल्या प्रत्येक उंबऱ्यावर कुठल्या जातीच्या माणसानं थांबायचं हे ठरलेलं असे. एखाद्याला अंगणापर्यंतच मुभा, एखाद्याला ओटीपर्यंत, आणि काहींना तर अंगणातही नाही. कुणी तोंडानं सांगायची गरजच नव्हती. घराच्या बांधणीतच तो नियम होता. अशा घरात जन्मलेला माणूस पुढे ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहितो. अंत्यज म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेला. सावली पडली म्हणून हाकललेलं त्याचं पोर आईला विचारतं, असं का? वर्गात ही कविता मी वर्षानुवर्षं शिकवली. कोणता उंबरा ओलांडून ती आली, हे मात्र मला मालगुंडच्या ओटीवर उभं राहिल्यावर कळलं. ‘ब्राह्मण नाही, हिंदुहि नाही, न मी एक पंथाचा’ हे लिहिणाऱ्यानं काय मागे टाकलं, ते डोळ्यांनी पाहता यावं म्हणून ते घर हवं. त्या मुलीला मी परतताना बसमध्ये हे सांगितलं. ती म्हणाली, “मग तिथे तसं लिहून ठेवायला हवं.” मला ते शंभर टक्के पटतं. जुन्या वस्तूंपुढे नुसती नावं लावून भागत नाही. हा उंबरा कुणासाठी बंद होता, तेही सांगायला हवं.

दुसरी गोष्ट. ह्या घरात केशवसुत फार राहिलेच नाहीत. वडील पुढे दापोलीकडे वळणे गावी खोतीचा कारभार पाहायला गेले, कुटुंबही तिकडे गेलं. मग शिक्षणासाठी वणवण. मॅट्रिक व्हायला 1889 साल उजाडलं. मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या, प्लेगमुळे मुंबई सोडणं, खानदेशात भडगाव, मग फैजपूर, शेवटी धारवाडला मास्तरकी. 1905 च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगनंच गेले. वय चाळिशीच्या आत. पत्नीही काही दिवसांतच गेली. कविता ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’, ‘मनोरंजन’ अशा मासिका-साप्ताहिकांत विखुरलेल्या. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. ते कादंबरीकार हरि नारायण आपट्यांनी दहा-अकरा वर्षांनी काढलं. हे आठवलं की मला आजही हळहळ वाटते. आधुनिक मराठी कविता ज्यांच्यापासून मोजतो, त्यांच्या हाती स्वतःचा संग्रह कधी पडला नाही.

असा सतत परक्या गावी राहिलेला माणूस ‘नव्या शिपाया’त म्हणतो, ‘सर्वत्र खुणा माझ्या घरच्या मजला दिसताहेत’. ही ओळ फुशारकीची नाही. घर सुटल्यावर ज्याला ते सगळीकडे शोधावं लागलं, त्यानं ती लिहिली आहे. कारण हाच कवी खानदेशात बसून ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ लिहितो. कोकणावरून येणारा वारा अंगाला लागला आणि जीव कासावीस झाला! मालगुंडला पावसाच्या तोंडावर जा. समुद्रावरून तोच वारा येतो.

ती घरओढ बहुधा वळण्याच्या घराची. पण वळणं असो की मालगुंड, आपल्यापैकी जे गाव सोडून शहरात आले त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. वेळ संपत आली आहे, तेव्हा त्यांची एक कविता वाचून थांबतो. परगावी मित्राजवळ घरच्या गोष्टी निघाल्या आहेत. ऐका:

‘गोष्टी घराकडिल मी वदता गड्या रे,
झाले पहा कितिक हे विपरीत सारे!
आहे घरासचि असे गमते मनास,
ह्या येथल्या सकल वस्तु उगीच भास!’