उललेले हात

चिकोडी-निपाणी पट्ट्यात गळीत हंगाम लागला की दिवस उजाडायच्या आत फडात कोयते चालू होतात. ऊस तोडणाऱ्या या बाईचा हात जवळून बघा. पाचटाच्या धारेनं मनगटावर बारीक चरे उठलेत. अंगठ्याच्या कडेला खोल भेग पडलीय आणि तिच्यात उसाचा चिकट रस, माती काळी होऊन बसलीय. संध्याकाळी याच हातांनी धुणं, भांडी. साबणही कपड्याचाच.

आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात. त्यांच्यामधला चुना म्हणजे त्वचेची स्वतःची स्निग्धता: साधारण निम्मी सिरॅमाइडं नावाची स्निग्ध द्रव्यं, पाव भाग कोलेस्टेरॉल, बाकी मुख्यतः मेदाम्लं. हा चुना धरून आहे तोवर अंगातलं पाणी आत टिकतं. कडक साबण नेमका तोच धुऊन नेतो.

चेहऱ्याला, डोक्याला तेलग्रंथींचा आधार असतो. त्या तेलात सुमारे 12 टक्के स्क्वॅलिन नावाचं तेलकट द्रव्य असतं. तळहात-तळपायांना मात्र तेलग्रंथीच नाहीत. सगळ्यात जास्त राबणाऱ्या कातडीला हे तेल मिळतच नाही! म्हणून थंडीत आधी तिथंच उलतं.

स्क्वॅलिन 1906 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांना शार्कच्या यकृताच्या तेलात सापडलं. हवेत ते लवकर खराब होतं, म्हणून त्यात हायड्रोजन मिसळून टिकाऊ स्क्वॅलेन करतात आणि क्रीममध्ये घालतात. त्यासाठी वर्षानुवर्षं शार्क मारले गेले. पुढे ऑलिव्हचं तेल आलं, आणि आता ऊससुद्धा. ब्राझीलमध्ये उसाच्या रसावर खास यीस्ट वाढवतात, ते फार्नेसिन नावाचं द्रव्य तयार करतं, आणि त्यापासून स्क्वॅलेन बनतं. या फडातल्या बायकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

सिरॅमाइडच्या क्रीमची किंमत मजुरीला परवडणारी नसते. घेतलंच, तर सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं तिन्ही असलेलं घ्यावं. उंदरांवरच्या प्रयोगांत यातलं एकच लावल्यावर बिघडलेला थर उलट उशिरा सावरला होता.

साधी पेट्रोलियम जेली हा चुना भरत नाही, पण पाणी उडू देत नाही, आणि तेवढ्या सवडीत कातडी आपली स्निग्धता पुन्हा तयार करते. रात्री हातपाय धुतले की टिपून घ्यायचे आणि ओलसर असतानाच जेली लावायची. पायांवर जुने सुती मोजे चढवायचे. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, नाहीतर घरात कुणाला साखरेचा आजार असेल, तर त्या पायांना दवाखानाच दाखवायचा.