आबी-लेंची चूल

नमस्कार श्रोतेहो. लडाख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुलेट, पँगाँग तलाव आणि निळंशार आकाश येतं. तेही जून ते सप्टेंबरातलं. मी मात्र आज जानेवारीतल्या एका स्वयंपाकघराबद्दल बोलणार आहे. लेहच्या पश्चिमेला, सिंधूच्या काठाकाठाने शाम नावाचा भाग आहे. तिथल्या एका घरी मी तीन आठवडे राहिले. घरात आजी होत्या. लडाखीत आजीला आबी म्हणतात आणि आपण 'जी' लावतो तसं तिथे 'ले' लावतात. म्हणून आबी-ले.

हिवाळ्यात सगळं घर एका खोलीत गोळा होतं. मधोमध चूल, भिंतीभर फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी आणि चुलीत गोवऱ्या. झाडं मुळात थोडी, सरपण येणार कुठून? मी विचारलं, "सगळं शेण जाळलंत तर शेताला काय घालता?" आबी-लेंनी बोलण्याऐवजी नुसतं बोटाने वर दाखवलं.

वर संडास होता. मातीची जमीन, मधे चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की फावडंभर माती आणि राख खाली लोटायची. पाण्याचा थेंब लागत नाही आणि त्या कोरड्या थंडीत वासही येत नाही. खालच्या खोलीचं दार वसंतात उघडतात आणि तयार खत जवाच्या शेतात जातं. म्हणजे गाय चूल पेटवते आणि शेताचं पोट माणसं भरतात!

आता यातली एक कडी काढून बघा. गॅसचा सिलिंडर आला, मुलगा नोकरीसाठी लेहला गेला, गुरांमागे फिरायला कुणी उरलं नाही. चार गाईंची एक झाली. गोवऱ्या कमी, म्हणून चूल संध्याकाळपुरतीच. गॅसवर भात लवकर होतो हो, पण गॅसने खोली ऊबदार होत नाही.

छपराचंही तेच. पॉप्लरचे वासे, त्यावर विलोच्या काटक्या, त्यांना तालू म्हणतात, आणि वर माती. लेहला वर्षभरात 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या महाबळेश्वरला जुलैतल्या एका दिवसात तेवढा पडला तर कुणी खिडकीतून डोकावतही नाही. पण 6 ऑगस्ट 2010च्या पहाटेआधी लेहवर ढगफुटी झाली, शेकडो माणसं गेली. तेव्हापासून मातीच्या छपरावर कुणाचा पूर्वीसारखा भरवसा नाही. या घरावरही आता उतरते पत्रे आहेत. घर गळत नाही. पण जर्दाळू वाळवायचे ते सपाट छप्परच गेलं. आबी-ले आता ते अंगणात, कावळ्यांशी भांडत वाळवतात.

जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही. बर्फ फोडून पाणी आणणं आणि पाठीवर खत वाहणं काय असतं, ते आबी-लेंचे गुडघे सांगतात. पाहुण्यांसाठी मुलाने खाली टाइल्सचं न्हाणीघर बांधलंय, फ्लशसकट. पहिल्याच हिवाळ्यात नळ गोठून पाइप फुटला. आता नोव्हेंबर लागला की पाणी बंद करतात आणि घरातले सगळे मुकाट्याने वरच्या भोकाकडे वळतात. मी गेले तेव्हा त्या न्हाणीघरात बटाट्यांची दोन पोती होती. कमोडच्या झाकणावर मुळ्यांची टोपली. थंड आणि उंदीर न शिरणारी तेवढीच जागा, आबी-लेंनी सांगितलं.

लोणी-मिठाचा चहा पूर्वी गुरगुर नावाच्या लाकडी नळकांड्यात घुसळायचे. आता सून मिक्सरला लावते, अर्ध्या मिनिटात होतो. माझ्या शेवटच्या सकाळी मिक्सर मधेच थांबला, वीज गेली होती. सून भांडं हातात धरून तशीच उभी. आबी-लेंनी दाराआडून गुरगुर काढला, आतली धूळ फुंकली आणि दांडा माझ्या हातात दिला.

"घुसळ," म्हणाल्या, "हातही गरम होतील."