गटारीला दिलेली सवलत

मंडळी, कारखान्याचे रासायनिक सांडपाणी सार्वजनिक गटारीत सोडण्याच्या मर्यादा १९८६च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या सहाव्या अनुसूचीत दिलेल्या आहेत. तो तक्ता वरवर चाळला, तर गटारीच्या बाबतीत सरकारने हात फारच सैल सोडला आहे, असे वाटते. नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. गटारीत ३५० चालतो.

ही सवलत उगीच दिलेली नाही. गटार शुद्धीकरण केंद्राकडे जाते, तिथले जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन टाकतात आणि ते काम कारखान्याऐवजी केंद्राने करावे, असा त्यामागचा हिशेब आहे. पारा जिवाणूंना पचत नाही, म्हणून त्याची मर्यादा दोन्हीकडे ०.०१च ठेवली आहे. तक्त्याखाली एक टीप आहे: गटार जैविक प्रक्रियेसह द्वितीय स्तराच्या शुद्धीकरणाकडे जात असेल तरच ही सवलत, एरवी तिच्यात सोडलेले पाणी नदीत सोडले असेच धरायचे. माझ्या मते साऱ्या तक्त्यात मोलाचे वाक्य हेच.

आपल्या वडोदऱ्यात नंदेसरी-कोयलीकडच्या मोठ्या कारखान्यांचे सांडपाणी १९८३पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या स्वतंत्र वाहिनीतून मही नदीच्या मुखाकडे जाते. म्हणून आज मला बोलायचे आहे ते शहरातल्या गटारीला जोडलेल्या लहान कारखान्यांबद्दल, त्यातही क्रोम प्लेटिंगबद्दल, म्हणजे धातूच्या वस्तूंवर क्रोमियमचा थर चढवण्याच्या कामाबद्दल. तिथले धुवणाचे पाणी पिवळे असते; तो रंग षट्संयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा. त्यात आम्ल घालून सोडियम मेटाबायसल्फाइट टाकले की पिवळेपणा जाऊन पाणी हिरवट होते, मग चुना घातला की क्रोमियम गाळ होऊन तळाशी बसते. हा गाळ घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा लागतो, आणि टाळाटाळ होते ती बहुधा या खर्चापायी.

या षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा नदीसाठी ०.१ आणि गटारीसाठी २ आहे. इथे तक्ता मला पटत नाही. सेंद्रिय घाण केंद्रात नाहीशी होते, धातू होत नाही. तो पाण्यातून केंद्राच्या गाळात उतरतो आणि तोच गाळ खत म्हणून कुणाच्या तरी शेतात जाऊ शकतो. शिवाय मर्यादा लिटरमागे मोजली जाते, त्यामुळे बोअरचे चार बादल्या पाणी ओतले की आकडा खाली येतो, क्रोमियम मात्र तेवढेच राहते.

म्हणून नमुना कुठून आणि केव्हा घेतला, हे महत्त्वाचे ठरते. घरगुती सांडपाणी मिसळल्यानंतरच्या चेंबरमधला नमुना कारखान्याविषयी फारसे सांगत नाही. तो मिसळण्यापूर्वीच्या चेंबरमधूनच घ्यायला हवा. प्लेटिंगची टाकी रोज रिकामी होत नाही, म्हणून दुपारी भरलेल्या एका बाटलीऐवजी दिवस-रात्र थोडे थोडे पाणी जमवून केलेला मिश्र नमुना घ्यावा, आणि सोबत पाण्याच्या मीटरचा आकडाही टिपून ठेवावा.