लायपोसोम नेमक्या पेशीत शिरणार कसं? फ्यूजन प्रोटीनचं काम समजून घेऊया

नमस्कार मंडळी!

मे २०२१ आठवतोय ना? कोविडमधून नुकती उठलेली माणसं म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, तडाख्यात सापडत होती आणि अख्खं पुणं एका इंजेक्शनच्या मागे धावत होतं. लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक दुकानांपासून पिंपरीपर्यंत सगळीकडे तीच विचारणा. एका व्हायलमध्ये ५० मिलिग्रॅम औषध. म्युकरला किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६ व्हायल, आणि तेही कित्येक दिवस. साठा पुरणार तरी कसा?

आता हे 'लायपोसोमल' प्रकरण काय आहे? साधं अँफोटेरिसिन बुरशी मारतं, पण मूत्रपिंडाचीही वाट लावतं. तेच औषध मेदाच्या सूक्ष्म पुडीत घालून दिलं की मूत्रपिंडाला होणारा त्रास बराच कमी होतो. ज्यांनी वॉर्डात ते तयार होताना पाहिलंय त्यांना आठवेल. व्हायलच्या तळाशी पिवळी पूड. सिस्टर त्यात १२ मिली निर्जंतुक पाणी सोडतात, अर्धा मिनिट जोरजोरात हलवतात, मग बारीक फिल्टरमधून ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत सोडतात. सलाइनमध्ये अजिबात नाही, कारण मिठाच्या पाण्यात ते औषध फुटून साका धरतं. इतकी ही पुडी नाजूक!

(स्क्रीनवर आकृती: दोन थरांचा गोल)

ही पुडी म्हणजेच लायपोसोम. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, की लेसिथिनसारखे मेद पाण्यात टाकले की ते आपणहून दुहेरी थराचे गोळे करतात. आपल्या पेशीचं आवरणही असंच दुहेरी असतं. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध लायपोसोममध्ये भरून मंजूर झालं. नुसत्या डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाला इजा होते, ती यानं कमी झाली. (मात्र तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास नव्यानं सुरू झाला. औषध कुठे जाऊन बसतं, यावर सगळं ठरतं.)

पण हे लायपोसोम कर्करोगाच्या गाठीकडे जातं ते ओळखून नव्हे. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून साधारण १०० नॅनोमीटरचा गोळा बाहेर पडतो आणि तिथेच अडकतो. पेशीच्या बाहेर. औषध हळूहळू झिरपतं, तेवढंच.

मग पेशीनं तो गोळा आत ओढून घ्यावा म्हणून काय करायचं? स्तनाच्या कर्करोगात साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रोटीन भरमसाट असतं. बायोप्सीच्या रिपोर्टवर 'हर-टू पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं, ते हेच. त्याला धरणारी अँटिबॉडी (ठरावीक लक्ष्य ओळखून धरणारं प्रोटीन) लायपोसोमच्या अंगावर चिकटवायची, असा सरळ विचार.

अडचण चिकटवण्यात आहे. रासायनिक सांधा अँटिबॉडीच्या अंगावर कुठेही बसतो, कारण सांधायला सोयीची अमिनो ॲसिडं (प्रोटीनच्या माळेतले मणी) तिच्या सगळ्या अंगभर विखुरलेली असतात. भिंतीत आकडा उलटा ठोकला तर पिशवी अडकत नाही, तसं होतं. काही अँटिबॉडींचं धरायचं टोक बाहेर, काहींचं आत दबलेलं. प्रत्येक बॅच वेगळी. माझ्या मते खरी डोकेदुखी हीच आहे, कारण ज्या औषधाची दर बॅच वेगळी, ते औषध म्हणून मंजूर कसं करायचं?

फ्यूजन प्रोटीन इथे कामाला येतं. दोन प्रोटीनचे जीन डीएनएतच एकापुढे एक जोडायचे. मधे ग्लायसिन-सेरीनचा लवचिक दुवा ठेवायचा: चार ग्लायसिन, एक सेरीन, असं तीनदा. पंधरा अमिनो ॲसिडांची ही दोरी दोन्ही टोकांना आपापल्या घडीत नीट बसू देते. हा जीन ई. कोलाय जिवाणूत घातला की तो अख्खं प्रोटीन सलग विणून देतो. एक टोक हर-टूला धरणारं, दुसरं लायपोसोमला. दिशा डीएनएतच ठरलेली, त्यामुळे प्रत्येक रेणू सारखा. तंत्र नवं नाही. संधिवातावरचं इटानरसेप्ट हे फ्यूजन प्रोटीनच आहे आणि १९९८ पासून वापरात आहे.

हर-टूला धरायला अख्खी अँटिबॉडीही लागत नाही. ॲफिबॉडी नावाचं जेमतेम ५८ अमिनो ॲसिडांचं प्रोटीन ते काम करतं.

लायपोसोमकडचं टोक मात्र नीट निवडावं लागतं. प्रयोगशाळेत सगळ्यात सोपं म्हणजे हिस्टिडीन या अमिनो ॲसिडाच्या सहा मण्यांची शेपटी. ती निकेल लावलेल्या मेदाला पटकन धरते. परीक्षानळीत झकास चालतं, पण रक्तात गेलं की तिथली प्रोटीनं ही पकड सोडवतात. त्याऐवजी प्रोटीनच्या टोकाला सिस्टीन हे एकच अमिनो ॲसिड ठेवून तिथेच पक्का सांधा करता येतो. मला सगळ्यात आवडलेली युक्ती वेगळी आहे: जिवाणूच्या स्वतःच्या लायपोप्रोटीनचा (मेद लावलेल्या प्रोटीनचा) संकेत जोडायचा, म्हणजे ई. कोलायच त्या प्रोटीनला मेदाची शेपटी लावून देतो आणि ती शेपटी लायपोसोमच्या थरात रुतून बसते. केवढी सुंदर कल्पना! फक्त जिवाणूकडून आलेलं एंडोटॉक्सिन हे विष काटेकोरपणे काढावं लागतं, नाहीतर रुग्णाला ताप भरेल. शिवाय परकं प्रोटीन पाहून शरीर त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी तयार करू शकतं.

बायोटेकच्या मुलामुलींनो, आता नीट ऐका. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की हर-टूला धरणारा तुकडा लावल्यानं गाठीत पोचणाऱ्या लायपोसोमचं प्रमाण फारसं वाढत नाही. वाढतं ते पेशीच्या आत शिरण्याचं. गाठीपर्यंतचा प्रवास अजूनही गळक्या रक्तवाहिन्यांच्याच भरवशावर. आणि माणसांत हा गळकेपणा सारखा नसतो. एमएम-३०२ या औषधात हर-टूला धरणारा अँटिबॉडीचा छोटा तुकडा लायपोसोमवर बसवला होता. त्याला किरणोत्सारी तांब्याची खूण लावून स्कॅन केले, तेव्हा रुग्णागणिक, अगदी गाठीगणिक फरक दिसला. त्याची हर्मायनी नावाची चाचणी डिसेंबर २०१६ मध्ये थांबवली गेली, कारण नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरण्याची चिन्हं नव्हती. म्हणून मला वाटतं, चांगलं फ्यूजन प्रोटीन बनवण्याइतकंच आधी स्कॅन करून योग्य रुग्ण निवडणं महत्त्वाचं आहे.

हा व्हिडिओ कुणी घरच्या माणसाच्या आजारपणात बघत असेल, तर त्यांच्यासाठी: फ्यूजन प्रोटीन लावलेलं लायपोसोम कर्करोगावर आज कुठल्याही दुकानात मिळत नाही, त्यामुळे कुणी विकायला आलं तर पैसे देऊ नका. रिपोर्ट हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं आहेत, आणि ती वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून तावून-सुलाखून निघाली आहेत. त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि चालू असलेला उपचार मधेच सोडू नका.