थर म्हणजे अंतर

श्रोतेहो, नमस्कार. कागद कातरण्याची सवय आपल्या घरांना जुनी आहे. आकाशकंदिलाच्या करंज्या, गणपतीच्या मखराची महिरप हे आपण लहानपणापासून करत आलो. आणि आपल्या माळव्यात तर पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे संजादेवीच्या आकृती, मांडून शेवटच्या दिवसाचा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती, फुलांनी व चमकीच्या कागदांनी सजवतात. अलीकडे या कामात एक यंत्र आले आहे. क्रिकट, सिल्हूएट अशा नावांनी ते मिळते. घरातल्या प्रिंटरएवढ्या आकाराच्या या यंत्रात शाईऐवजी बारीक पाते असते, संगणकावर काढलेल्या रेषेवरून ते पाते फिरते आणि चिकट मॅटवर बसवलेला कागद त्या रेषेत कापला जातो. या यंत्राने एकामागे एक थर लावून खोली असलेले कागदी चित्र कसे करावे, हा आजचा विषय आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगते आणि ती मी पुढेही सांगणार आहे. यंत्र रेष कापते. पुढे काय आणि मागे काय, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते. या चित्रात थर म्हणजे अंतर. जे डोळ्यांच्या सर्वांत जवळ, ते पहिल्या थरात; जे सर्वांत दूर, ते शेवटच्या थरात.

हे मला ज्या प्रसंगातून नीट उमगले तो सांगते. माझे चुलत सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी व्हायचा होता. अण्णांचे बालपण आणि तारुण्य राजवाड्यालगतच्या गल्लीत गेलेले, त्यामुळे त्यांना कागदात कापलेला राजवाडा भेट द्यावा असे माझ्या भाच्याच्या मनात आले. तो अभियांत्रिकी शिकतो, यंत्र त्याच्याच हाती चालते. इंदूरचा राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, हे त्याला ठाऊक होते. त्याने हिशेब मांडला, "मामी, सात मजले म्हणून सात थर." प्रत्येक मजला वेगळ्या कागदावर कापून त्याने ते एकावर एक बसवले. कापणी अगदी स्वच्छ झाली होती, पण समोर उभा राहिला तो एक जिना. प्रत्यक्षात सगळे मजले एकाच दर्शनी भिंतीत उभे असताना कागदावर दर मजला मागे सरकत गेला होता.

मग आम्ही दोघे भल्या सकाळी राजवाड्यासमोर जाऊन उभे राहिलो. (राजवाडा पाहायचा तर दुकाने उघडण्याआधी पाहावा, असे माझे ठाम मत आहे, दिवसभर त्या चौकात माणूस मान वर करून पाहतच नाही.) वहीत आम्ही मजल्यांऐवजी अंतरे लिहिली. आपल्या सर्वांत जवळ काय आहे? समोरच्या बागेतली झाडे आणि अहिल्याबाईंचा पुतळा. त्यामागे भिंतीच्या बाहेर आलेले झरोके आणि सज्जे. त्यामागे खुद्द भिंत, तिच्या खिडक्या आणि मोठा दरवाजा. सगळ्यांच्या मागे आकाश. सात मजल्यांचा राजवाडा चार थरांत आला. शाळेत मुलांना चित्रकलेची पुस्तके रंगवायला देण्यापेक्षा एखाद्या इमारतीसमोर असे तासभर उभे करावे, असे मला त्या दिवसापासून वाटते.

सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी चित्र चौकटीत बसवण्यापूर्वी आम्ही ते अण्णांना दाखवले. अण्णांनी ते खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिले, पुतळ्याची जागा बरोबर असल्याचे सांगितले आणि मग बोट एका खिडकीवर ठेवले. शेवटचा थर आकाशाचा असल्यामुळे राजवाड्याच्या प्रत्येक खिडकीतून निळा कागद दिसत होता.

"बाळा, खिडकीमागे खोली असते," अण्णा म्हणाले. "खिडकीतून आभाळ दिसते ते पडक्या वाड्यात. 1984 साली राजवाडा जळाला, ती आग मी पाहिली आहे. मला पडका वाडा देऊ नकोस."

भाच्याने विचारले, "मग अण्णाआजोबा, दरवाजातून काय दिसते?"

"दरवाजातून आधी देवडीचा अंधार दिसतो, आणि अंधाराच्या पलीकडे चौकातले ऊन."

एवढ्या एका वाक्यातून आणखी दोन थर निघाले. भिंतीच्या मागे गडद तपकिरी कागदाचा थर आला. त्याची वरची कड छपराच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर आत ठेवली, म्हणजे तो सगळ्या खिडक्यांमागे राहतो, पण छपराच्या वर कुठेही डोकावत नाही. या तपकिरी थराला दरवाजाच्या जागी लहानशी कमान कापली आणि त्या कमानीमागे फिकट पिवळा कागद लावला. निळा कागद सर्वांत मागे गेला आणि केवळ छपरावर दिसू लागला. भिंतीवरची एक रेषही आम्ही बदलली नव्हती, तरी त्या वाड्यात कोणी राहते आहे असे वाटू लागले. दुसऱ्या दिवशी ओवाळणीला आलेल्या प्रत्येकाला अण्णा स्वतः चित्रावर बोट ठेवून सांगत होते, "ही देवडी, हे चौकातले ऊन."

तर श्रोतेहो, पुन्हा सांगते, थर म्हणजे अंतर. त्याला अण्णांची पुस्ती जोडा: प्रत्येक छिद्रातून मागे काय दिसणार, हे कापण्यापूर्वी ठरवा.

आता करणीकडे येऊ. प्रत्येक थराला बाहेरून सारख्या मापाची चौकट ठेवावी, म्हणजे कोपऱ्याला कोपरा जुळवला की सगळे थर आपोआप जागेवर बसतात. चौकटीच्या आतला प्रत्येक भाग कुठे तरी चौकटीशी जोडलेला असला पाहिजे. मधोमध सुटा राहिलेला आकार कापल्याबरोबर गळून पडतो. त्याला धरून ठेवणारी पट्टी चित्रातच काढावी लागते. झाडाची फांदी, खिडकीचा गज, वेलीचा देठ यांतूनच ती पट्टी साधली तर चित्रात ठिगळ दिसत नाही. ही पट्टी दीड-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक करू नये. कापायच्या रेषांचा नकाशा इंकस्केपसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो आणि तो एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइलप्रकारात साठवला की बहुतेक यंत्रांचे सॉफ्टवेअर तो वाचते. तयार नकाशेही विकत मिळतात. पण आपल्या गल्लीचे, आपल्या वाड्याचे चित्र दुसरे कोणी काढून ठेवलेले नसते, म्हणून मी स्वतः काढण्याच्या बाजूची आहे.

कागद साधारण 180 ते 220 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) घ्यावा. यापेक्षा पातळ कागद चौकटीत उभा राहत नाही आणि फार जाड कागदाला बारीक नक्षीत पाते अडते. चकाकी लावलेला कागद या कामात मला आवडत नाही, कारण थरांची सावली हेच या चित्राचे सौंदर्य आहे आणि चकाकीवर सावली नीट उठून दिसत नाही. पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाकतो आणि कोपऱ्यांवर फाटतो, म्हणून तो बंद पिशवीत ठेवावा आणि लागेल तेव्हाच काढावा. हवा कोरडी असतानाही कोपरे फाटू लागले, तर पाते बोथट झाले असे समजावे.

कापून झाल्यावर बहुतेक जण कागद मॅटवरून ओढून काढतात आणि तो कायमचा गुंडाळल्यासारखा होतो. तसे करू नये. मॅट उलटी करून कागद टेबलाला टेकवावा आणि मॅट हळूहळू वर वाकवत सोडवून घ्यावी. लक्षात ठेवा, कागद सपाट राहील आणि मॅट वाकेल.

थरांच्या मध्ये फोमची दुहेरी चिकटपट्टी लावावी, कारण तिच्या जाडीमुळेच सावली पडते. पट्टी चौकटीमागे तर लावावीच, पण मधल्या रुंद भागांमागेही तिचे लहान तुकडे द्यावेत, नाही तर काही महिन्यांत कागद मधून झुकतो. फोटोची साधी चौकट या कामाला पुरत नाही. सहा थर आणि त्यांमधली पट्टी मावेल इतकी खोल पेटीसारखी चौकट घ्यावी. मागून उजेड द्यायचा असेल तर एलईडीची माळ वापरावी, तापणारा बल्ब कागदामागे कधीही लावू नये. उजेड मागून येणार असेल तर पुढचे थर गडद आणि मागचे फिकट ठेवावेत.

पहिल्याच प्रयत्नात सहा थरांच्या मागे लागू नका. तीन थर घ्या: पुढे झाड, मध्ये घर, मागे आकाश. घराला एकच खिडकी ठेवा, आणि तिच्यामागे खोलीचा कागद लावायला विसरू नका. नमस्कार.