तीन झेंडे, एक डोलकाठी

पहाटेचं गेटवे ऑफ इंडिया. फेरीबोटी अजून सुटायच्यात. फेब्रुवारी 1946 मध्ये याच धक्क्यावर मुंबईकर खाण्याच्या टोपल्या घेऊन उभे होते, संपावर गेलेल्या नौदलाच्या खलाशांसाठी.

सुरुवात ताटापासूनच झाली होती. कुलाब्यात तेव्हाच्या नौदलाचा, ‘रॉयल इंडियन नेव्ही’चा, ‘तलवार’ नावाचा तळ होता. बिनतारी संदेश पाठवायचं शिक्षण तिथे मिळे. जेवण निकृष्ट, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी शिव्या, पगारही गोऱ्या खलाशांपेक्षा कमी. त्यात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला झालेला. तळावरच्या भिंतींवर ‘चले जाव’, ‘जय हिंद’ उमटू लागलं. बलाईचंद्र दत्त हा तरुण तारायंत्री त्यापायी पकडला गेला. 18 फेब्रुवारीला खलाशांनी ताटं सारली. धड जेवण नाही, तर कामही नाही.

ही मोर्सची कळ, टिंब-रेघांच्या खुणांनी संदेश पाठवायची. बोटाएवढी पितळी पट्टी. दाबली की टिंब, जरा धरून ठेवली की रेघ. ‘तलवार’वरच्या पोरांचा हात यावर बसलेला, आणि तो सरकारनेच बसवलेला! त्यामुळे बातमी न्यायला वेगळा माणूस लागलाच नाही. कट्ट, कडकट्ट. बंदरातल्या जहाजांना कळलं, कराचीत ‘हिंदुस्तान’ जहाजाला कळलं. बघता बघता सत्तरहून जास्त जहाजं आणि सुमारे 20,000 खलाशी सामील झाले. इतिहासात याला बंड म्हणतात. खलाशांची समिती मात्र स्वतःला संप समिती म्हणवत होती. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग.

आता डोलकाठीकडे बघा. ब्रिटिश निशाण उतरलं आणि तिथे काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट, तिघांचे झेंडे एकत्र चढले. दिल्लीत ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, त्यांची निशाणं इथे एका दोरीला. ‘रॉयल’ शब्द खोडून खलाशांनी आपल्या नौदलाला ‘राष्ट्रीय’ म्हटलं. मागण्यांच्या यादीत जेवणाशेजारी आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका होती, आणि ब्रिटिशांनी इंडोनेशियात धाडलेल्या भारतीय फौजा परत बोलवा, हेही होतं. डाळ-भाताच्या तक्रारीत इंडोनेशिया! देश अजून व्हायचा होता, ही पोरं त्याच्या वतीने बोलायलाही लागली होती.

हे फाटक बाहेरूनच दाखवतोय, आत कॅमेरा नेता येत नाही. हे तेव्हाचं कॅसल बॅरक्स. 21 तारखेला इथे गोळीबार झाला. आज या तळाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद, शहर रस्त्यावर. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं गेली. शरण जा, असा वल्लभभाई पटेलांचा निरोप आला आणि 23 तारखेला खलाशी शरण गेले. शेकडो जणांना काढून टाकलं. स्वातंत्र्यानंतरही नौदलाने त्यांना परत घेतलं नाही.

कुलाब्यातला हा खलाशाचा पुतळा. मागून बस जातेय.