फाइट स्टिक आधी उलटी करून बघा

नमस्कार. आपल्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत रविवारी सकाळी एवढी पोरं उठून आलीत, याचं मला मनापासून कौतुक वाटतंय. विषय तुम्हाला माहीत आहे: खिशात पैसे कमी असताना फाइट स्टिक, म्हणजे मारामारीच्या गेमसाठीचा दांडी-बटणांचा डबा, नवी घ्यावी, की साधी घेऊन मॉड करावी, म्हणजे भाग बदलून सुधारावी. त्याकडे येतोच. पण आधी जरा गेम पार्लरमध्ये जाऊन येऊ.

शाळेत असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पार्लर होतं. दोन मशिनं. एकावर मुस्तफा. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते आमच्यात कुणी कधी उच्चारलं नाही. दुसऱ्यावर कॅपकॉमचा १९९१ चा 'स्ट्रीट फायटर टू'. एके दिवशी त्याची दांडी उजवीकडं लागेना. मालकांनी किल्ली लावून पॅनल उचललं आणि मी लगेच आत डोकं घातलं. दांडीच्या बुडाशी चार बाजूंना चार स्विच. बस्स, एवढंच! दांडी खाली ओढली की एक दबतो, कोपऱ्यात नेली की दोन एकदम दबतात. मालकांनी एक स्विच बदलला, पॅनल बसवलं, पाच मिनिटांत टोकनवाले पुन्हा रांगेत. र्‍यूचा हडोकेन, म्हणजे त्या गेममधल्या गड्याच्या हातातून सुटणारा गोळा, त्या कोपऱ्यावरच उभा आहे: खाली, खाली-पुढं, पुढं आणि पंच. मधला कोपरा हुकला की नुसता पंच बसतो आणि समोरचा तुम्हाला धुतो.

आता माझी तक्रार ऐका. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन अडीच हजारांची स्टिक मागवली. दिसायला झकास. आठ दिवसांत हडोकेन यायचा बंद झाला, तोही एकाच बाजूनं. म्हटलं, पार्लरमालकांसारखं उघडू. स्क्रू सापडेनात! रबरी पायांखाली लपवलेले. उघडली तर चारही स्विच थेट एका छोट्या बोर्डावर सोल्डर केलेले, डबा इतका उथळ की चांगली दांडी आत मावायची नाही. विकणाऱ्याला कळवलं, तर म्हणे उघडलीत ना, मग वॉरंटी संपली. मला अजून राग येतो. पैशांचा नाही. ती वस्तू दुरुस्त होऊच नये अशीच बनवली होती, त्याचा.

तरी बटणं तरी सान्वाची, म्हणजे चांगल्या जपानी कंपनीची, घालू म्हणून डबा घेऊन उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत गेलो. मिस्त्रींनी बटणाच्या एकेका भोकाला मिलिमीटर मोजायचा व्हर्निअर लावला. "पोरा, हे अठ्ठावीस हाय, शेजारचं एकोणतीस. तुला तीस पायजे. मधली भिंतच ऱ्हाणार न्हाई." मी हट्ट केला. तिसऱ्या भोकाला दोन बटणांमधलं प्लास्टिक तडकलं. मिस्त्रींनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "प्लाय आण, डबाच करू."

बारा मिलिमीटरच्या प्लायचा डबा झाला, दणकट, मांडीवर हलत नाही. पण मी आणलेली सान्वाची ओबीएसएफ-३० बटणं त्यात धरेनात. ती कडेच्या खिट्ट्यांवर बसतात, पातळ पत्र्याला किंवा प्लास्टिकला चालतात. जाड लाकडाला नट आवळायची ओबीएसएन-३० लागतात. दुसरा खर्च! हे आधी कुणी सांगितलं असतं तर... म्हणून आज मी तुम्हाला सांगतोय.

आयोजक घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं उरलीत म्हणे, तेव्हा मुद्दा भराभर घेतो.

आधी ठरवा, खेळणार कशावर. पीएस फाइव्हवर नेमके कुठले बोर्ड, म्हणजे बटणांचे सिग्नल गेमपर्यंत पोचवणारे सर्किट, चालतात ते आधी तपासा, कारण तिथं ऑथेंटिकेशन, म्हणजे बोर्डाची ओळख पटणं लागतं, कुठलाही बोर्ड जोडून भागत नाही. पीसी असेल तर मोकळं रान आहे. रास्पबेरी पाय पिको, २०२१ मध्ये चार डॉलरला आलेला बोर्ड, त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकटचं फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा प्रोग्राम टाका. दाबलेलं बटण एका मिलिसेकंदाच्या आत पोचतं. सेकंदाला साठ फ्रेम दाखवणाऱ्या गेमची एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे काळजी नको. स्वस्त किटमधल्या बोर्डावर 'झिरो डिले' लिहिलेलं असतं. ते नाव आहे, मोजमाप नव्हे.

विकत घ्यायचीच तर जुनी घ्या, पण जिची भोकं ३० मिलिमीटरची, स्टार्टची २४ ची, दांडीला पाच पिनांचा कनेक्टर आणि बटणांच्या वायरी टोचून बसवलेल्या. अशी स्टिक महिन्याला एक भाग करत सुधारता येते. आधी दांडी बदला, सान्वाची जेएलएफ उत्तम. मग फक्त रोज ठोकली जाणारी तीन-चार बटणं. बाकीची राहू देत. कोपरे लागत नसतील तर गेट, म्हणजे दांडी किती फिरेल ते अडवणारी खालची चौकट, चौकोनी ठेवा, अष्टकोनीच्या नादी लागू नका, हे माझं स्वतःचं मत. सोल्डर दिसला आणि डबा उथळ दिसला की ती सोडा, ते पैसे प्लाय आणि पार्ट्सवर घाला. आपल्या गावात भोक पाडणारा माणूस शोधावा लागत नाही.

मागच्या टेबलावर दोन स्टिक ठेवल्यात, एक ती अडीच हजारांची, एक प्लायची. स्क्रू ड्रायव्हर शेजारीच आहे. खेळायच्या आधी दोन्ही उघडा, आणि त्या प्लास्टिकच्या तड्यावरून एकदा बोट फिरवून बघा.